चोवीस स्प्रिंगा

ट्रॅम्पोलीन आणायला खरं तर भिंगरीचा बाबा जाणार होता. पण शनिवारी सकाळी सातलाच औषधांच्या गोदामातून फोन आला की मोठा फ्रिज बंद पडलाय, आत लसी आहेत, ताबडतोब या. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाला सुट्टी कसली? त्याने चहा अर्धा तसाच ठेवला, हत्यारांची पेटी उचलली आणि बायकोच्या हातात एक कागद दिला. त्यावर सूचना होत्या, एक ते अकरा, प्रत्येक सूचनेखाली रेघ मारलेली. ज्यांच्याकडून तो मिळणार होता त्या मास्तरीणबाईंना अंगण आजच मोकळं हवं होतं, तेव्हा तिने आणि दिराने जाऊन तो सोडवून आणावा, असं सांगून तो गेलासुद्धा.

हे काम जगातल्या ज्या एका बाईला सांगायला नको होतं, नेमकं तिलाच सांगितलं गेलं. भिंगरीची आई इस्पितळातल्या प्लास्टरच्या खोलीत काम करायची. डॉक्टर मोडलेलं हाड जागेवर बसवायचे आणि ही त्यावर ओल्या पट्ट्या गुंडाळायची. अकरा वर्षं हेच. त्यामुळे लोकांना झाड दिसतं तिथे तिला कोपर दिसायचं, सायकल म्हणजे मनगट, घसरगुंडी म्हणजे नडगी. ट्रॅम्पोलीन म्हणजे यातलं काहीही, आणि कधीकधी दोन एकदम. वहिनींना रस्त्याने चालताना माणसं दिसतच नाहीत, नुसते सांगाडे दिसतात, असं तिचा दीर म्हणायचा, आणि त्यात फार खोटं नव्हतं.

मग तिने सरळ नाही का म्हटलं नाही? कारण तिचे सगळे नकार खर्चून झाले होते. सायकलीला नाही, झोपाळ्याला नाही, शाळेच्या सहलीला नाही, शेजारच्या गच्चीवर खेळायला तर नाहीच नाही. भिंगरी आता आठ वर्षांची होती. एका जागी ठरायची नाही म्हणून तिला भिंगरी नाव पडलं होतं. हल्ली ती तासन् तास खिडकीत बसून रंगवत बसे आणि येणारेजाणारे तिच्या शहाणपणाचं कौतुक करत. पोरीने मागणंच सोडलंय, हे आधी बाबाच्या लक्षात आलं. मास्तरीणबाईंची नातवंडं मोठी झाली, त्या घर बदलतायत आणि ट्रॅम्पोलीन कुणाला तरी देऊन टाकायचाय, असं कळल्यावर त्याने तो विषय भिंगरीच्या देखतच काढला.  भिंगरीने फक्त आईकडे पाहिलं. त्या नजरेपुढे भिंगरीच्या आईच्या तोंडून 'बरं' निघून गेलं.

मास्तरीणबाई मोठ्या उत्साहाच्या. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या, त्यामुळे अंगणात उभ्या राहूनही त्या दोघांकडून शिस्तीत काम करून घेत होत्या. लोखंडी गोल कडं, मधे ताणलेलं काळं कापड, आणि दोन्हींना जोडणाऱ्या बहात्तर स्प्रिंगा. स्प्रिंगांवर घालायची गादी उन्हाने फाटून कधीच गेली होती, तेवढी मात्र तुम्हाला नवी शिवून घ्यावी लागेल, असं त्यांनी दोनदा सांगितलं. कागदावरची चौथी सूचना अशी होती की एक स्प्रिंग काढली की पुढची तिच्या बरोबर समोरची काढायची, म्हणजे ताण एका बाजूला येत नाही. दीर आकड्याने ओढायचा, भिंगरीची आई उचलून पिशवीत टाकायची, मास्तरीणबाई मोठ्याने मोजायच्या. चोवीस-चोवीसच्या तीन कापडी पिशव्या भरल्या. प्रत्येक पिशवी तान्ह्या बाळाएवढी जड.

दीर पाइप गाडीत चढवून दोर बांधायला लागला. मास्तरीणबाई पाणी आणायला आत गेल्या. भिंगरीची आई तिसरी पिशवी उचलायला अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत आली, आणि ती पिशवी तिने उचलली, ती खालच्या फळीवर, रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या मागे ठेवली आणि पुढे दोन डबे सरकवले. एवढ्यावर सगळं झालं. तिने काही ठरवलं नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की चोवीस स्प्रिंगा कमी असल्या तर हा राक्षस उभा राहू शकत नाही, आणि उभा राहिला नाही तर आपल्याला पुन्हा एकदा नाही म्हणावं लागणार नाही. बाहेर येऊन ती घटाघट पाणी प्यायली. मास्तरीणबाई म्हणाल्या की उन्हाचं जरा सावलीत बसा.

मग सुरू झाला तो परतीचा प्रवास. दिराची गाडी छोटी, मागे उघडी, एरवी पाण्याचे बाटले वाहणारी. कड्याचे कमानीसारखे तुकडे तिच्यात काही केल्या मावेनात, ते दोन्ही बाजूंनी शिंगांसारखे बाहेर आले. भोवतीच्या जाळीचे लांब खांब मागून निघाले होते, त्यांच्या टोकाला दिराने एक लाल फडकं बांधलं. घडी घातलेलं काळं कापड वर पसरून त्यावरून दोर ओढला. दर खड्ड्याला सगळं लोखंड एकदम वाजे आणि भिंगरीची आई दचकून मागे बघे. एरवी तिला पाइप कुणाच्या अंगावर पडेल याची धास्ती वाटली असती. आज धास्ती वेगळीच होती. मास्तरीणबाई कुठल्याही क्षणी त्या खोलीत शिरतील, डबे हलवतील, आणि फोन करतील. आणि त्यांच्याकडे नंबर नवऱ्याचा होता.

दिराचा फोन वाजला तेव्हा तिने चटकन त्याच्याकडे वळून पाहिलं. कुणीतरी पाणी मागत होतं. पुन्हा वाजला, पुन्हा पाणी. आज सगळ्या जगाला तहान लागली होती.

मोठ्या पुलावर वारा सुटला. काळं कापड एका बाजूने सुटलं आणि मागच्या गाडीच्या काचेवर फडफडायला लागलं. मागचा माणूस हॉर्नवर हात ठेवूनच बसला. दिराने गाडी कडेला घेतली, दोघांनी धडपडत ते कापड खाली दाबलं, आणि ते नीट खोचताना दीर थबकला.

"वहिनी, पिशव्या तीन होत्या ना?"

"दोनच, भाऊजी."

"मला आपलं वाटलं, तीन भरल्या."

"दोनच होत्या," ती म्हणाली. "चला, वारा वाढतोय."

दीर बिचारा स्वतःची गाडी कुठे लावली हेही विसरणारा माणूस. आपलंच चुकलं असणार म्हणून त्याने दोर घट्ट केला आणि गाडी सुरू केली. तिला वाटलं होतं की हे एकदा बोलून टाकलं की जीव हलका होईल. उलट आता त्या पिशवीचं वजन तिच्या छातीवरच येऊन बसलं, आणि घर येईपर्यंत ती दारावरच्या कडीला धरून राहिली.

दुपारी नवरा आला. लसी वाचल्या होत्या, त्यामुळे स्वारी खुशीत होती. जेवलासुद्धा नाही. त्याने मागच्या अंगणात एक एक तुकडा मांडला, कडं जुळवलं, कापड पसरलं. भिंगरी त्याच्या मागे मागे, हातात कागद घेऊन, सूचनांवर खुणा करत होती. कितीतरी दिवसांनी तिची बडबड ऐकू येत होती. मग त्याने स्प्रिंगा मोजल्या. पुन्हा मोजल्या. भोकं बहात्तर आणि स्प्रिंगा अठ्ठेचाळीस.

त्याने खिशातून फोन काढला. मास्तरीणबाईंना विचारतो, म्हणाला, तिथेच राहिल्या असतील. भिंगरीची आई हातातलं काम टाकून पुढे आली. फोन लागला की पत्र्याची खोली, खोली की डबे, डबे की पिशवी, आणि दोन पिशव्या म्हणणारी ती.

"अहो, त्यांना कशाला त्रास देताय," ती म्हणाली. "तिथेही एवढ्याच होत्या. दोन लावलेल्या आणि एक भोक सोडलेलं, असं गोल सगळीकडे."

त्याचा हात थांबला. "आणि त्यावर पोरं उड्या मारत होती?"

"पाच वर्षं."

हे पाच वर्षं कुठून आलं ते तिलाही सांगता आलं नसतं. शरीरात कुठे कुठे हाडं असतात ते तिला पाठ होतं. जिभेत हाड नसतं याची त्या दिवशी प्रचिती आली. तिला वाटलं होतं, असली अर्धवट वस्तू बघून तो नाक मुरडेल. हा माणूस विजेचा दाब स्वतः मोजल्याशिवाय फ्रिजला हात लावत नसे, दुकानदाराने शपथेवर सांगितलेला सुटा भागही तपासून घेई. त्याने त्या भोकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, बघू उद्या. ती आत आली आणि भांडी घासायला लागली. दोनदा तीच भांडी घासली. पण रात्री अंग टाकल्यावर तिला वाटलं, सुटले. बघू उद्या म्हणजे राहिलंच.

रविवारी तिची ड्यूटी होती. प्लास्टरची खोली छोटीशी. मधे उंच टेबल, कडेला कोमट पाण्याचं घमेलं, कापसाच्या गुंडाळ्या, आणि खालच्या मोरीत पांढरा गाळ साचून साचून कायमचा चिकटलेला. अकराच्या सुमाराला सहा वर्षांची एक मुलगी आली, पलंगावरून पडून हात मोडलेला. तिची आई इतक्या घाईत निघाली होती की पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. डॉक्टरांनी हाड बसवलं, हिने पट्ट्या गुंडाळल्या, आणि डॉक्टर म्हणाले की आता वाळेपर्यंत असाच धरून ठेवा, जरासुद्धा हलू देऊ नका, हाड निसटलं तर पुन्हा सगळं करावं लागेल. मग ते पलीकडच्या खोलीत गेले.

भिंगरीच्या आईने दोन्ही तळव्यांत तो हात धरला होता. तेवढ्यात खिडकीतला फोन थरथरला. मुलीच्या आईने तो उचलून तिच्यासमोर धरला.

पडद्यावर अंगण होतं. अंगणात ट्रॅम्पोलीन उभा होता, चारी पाय रोवून. वर काळ्या कापडाच्या कडेला भिंगरी, अनवाणी, दोन्ही हात वर केलेले, आणि चेहऱ्यावर असं हसू की तिच्या आईने ते वर्षभरात पाहिलं नव्हतं. खाली बाबाने लिहिलं होतं: 'झाला उभा. मास्तरीणबाईंकडे होता तसाच, दोन लावून एक सोडून. आता उड्या!'

तिने फोटोत भोकं पाहिली. कापड आणि कडं यांच्यात जिथे स्प्रिंग नव्हती तिथे वीतभर फट होती. आठ वर्षांच्या मुलीची नडगी केवढी असते हे तिला मोजपट्टीशिवाय ठाऊक होतं. त्या फटीतून आलेल्या नडग्या तिने याच टेबलावर बांधल्या होत्या.

हात सोडता येत नव्हते. पांढऱ्या ओल्या पट्ट्यांखाली दुसऱ्या कुणाचं तरी हाड नुकतंच जागेवर बसलं होतं. तिने त्या आईला सांगितलं की वरचा नंबर दाबा आणि माझ्या कानाला लावा. घंटा वाजत राहिली, बंद झाली. पुन्हा लावा. पुन्हा तेच. चित्रण करतोय, तिच्या मनात आलं, फोन समोर धरून चित्रण करतोय आणि माझा फोन बाजूला सारतोय.  पुन्हा लावा हो, ती म्हणाली, आणि तिचा आवाज ऐकून टेबलावरची मुलगी रडायची थांबली.

तिसऱ्या वेळी त्याने उचलला. मागे भिंगरी खिदळत होती.

"तिला खाली उतरवा."

"अगं, बघ तरी कशी..."

"अहो, उतरवा आधी. स्प्रिंगा बहात्तर होत्या. चोवीस मी लपवून ठेवल्या तिथेच. दोन लावून एक सोडलेलं वगैरे काही नव्हतं, मी खोटं बोलले."

 पलीकडे फोन गवतात पडल्याचा आवाज, त्याची हाक, आणि त्यावरून भिंगरीची किंकाळी.

प्लास्टर वाळताना गरम होतं. ते तिच्या तळव्यांत गरम होत होतं आणि ती उभी होती. फोन धरलेल्या बाईने तो तिच्या कानावर घट्ट दाबला होता. देवा, हाड नको, एवढंच ती मनात म्हणत होती, कातडी जाऊ दे, दात जाऊ दे, हाड नको. आणि त्यातही तिला कळत होतं की आपण धावत नाही आहोत.

"पाय गेला फटीत," नवऱ्याचा आवाज आला. धाप लागलेली. "गुडघ्यापर्यंत. उतरायला सांगितलं म्हणून घाईत कडेला आली आणि गेला. काढलाय."

"अंगठा वर करायला सांगा. करते? आता घोटा फिरवू दे. नडगीवरून बोट दाबत खाली या, हळूहळू. कुठे एकाच जागी ओरडते का?"

त्याने सगळं केलं. भिंगरी हुंदके देत होती, पण ओरडली नाही. नडगी सालपटली होती, रक्त होतं, हाड शाबूत होतं. भिंगरीच्या आईने डोळे मिटले.

"मी तिला चढवलीच नसती गं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "नव्या मागवणार होतो. तू म्हणालीस पाच वर्षं तशीच होती, म्हणून चढवली." आणि त्याने फोन ठेवला.

डॉक्टर आले, प्लास्टरवर बोटाने टकटक करून छान झालंय म्हणाले. त्या बाईने फोनवरचे पांढरे ठिपके रुमालाने पुसले आणि तो खिडकीत ठेवला.  मग आपल्या मुलीचा दुसरा, धडधाकट हात स्वतःच्या हातात घेतला आणि खोलीतून बाहेर पडेपर्यंत सोडला नाही.

घरी कुणी तिच्यावर ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. नवरा सकाळचं वर्तमानपत्र संध्याकाळी वाचत होता. भिंगरी पलंगावर पाय लांब करून बसली होती, नडगीला मलम.

"तू मुद्दाम ठेवल्यास?" तिने विचारलं.

"हो."

"मी पडू नये म्हणून?"

"हो गं."

भिंगरीने नडगीवरच्या मलमाकडे पाहिलं. "पण मी पडलेच की," ती म्हणाली. रागाने नव्हे, गणितातली चूक दाखवावी तसं.

सोमवारी भिंगरीची आई एकटी बस पकडून मास्तरीणबाईंकडे गेली. डब्यांमागून पिशवी काढली आणि जे होतं ते सांगितलं. मास्तरीणबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि घरी सांगितलंत का, एवढंच विचारलं. सांगितलं म्हटल्यावर, मग इथे काय उभ्या राहिलात, जा, म्हणाल्या. पिशवी मांडीवर घेऊन ती परत आली. चोवीस स्प्रिंगांचा ठसा मांडीवर उमटला होता. वाटेत तिने गादीसाठी जाड कापडही घेतलं.

दोन संध्याकाळी ती शिवत होती. बुधवारी तिने नवऱ्याला सांगितलं की स्प्रिंगा मी लावणार. तो समोरच्या बाजूला उभा राहून कडं धरत होता आणि फक्त कामापुरतं बोलत होता: समोरची. आता ही. जोर लाव. आकडा ओढून ओढून तिच्या तळहाताला फोड आले. भीती गेली होती असं नाही. भीती होती तिथेच होती, प्लास्टरची खोलीही होती तिथेच राहणार होती, आणि भिंगरी उद्या याच्यावरून पडून खरंच हात मोडून घेईल हेही शक्य होतं. पण मोडलेल्या हातावर काय करायचं ते तिला येत होतं. गेल्या चार दिवसांत घरात जे मोडलं होतं, त्यावर काय गुंडाळायचं ते मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटची स्प्रिंग बसली. गादी अंथरायची राहिली होती. ती कडेला रेलून दम खात होती.

"झालं," ती भिंगरीला म्हणाली. "सगळ्या लागल्या. एकदा बसून बघ, मग गादी घालू."

भिंगरीने शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग तो खाली घेतला. तिने बाबाकडे पाहिलं. ती शिडीपासून निघाली आणि एकेका स्प्रिंगेला बोट लावत कड्याभोवती चालायला लागली. एक. दोन. तीन. नडगी अजून दुखत होती, त्यामुळे जरा लंगडत. मी दोनदा मोजल्यात, असं भिंगरीच्या आईच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. भिंगरीने घाई केली नाही. अर्ध्यात एकदा चुकली, तेव्हा मागे जाऊन पुन्हा मोजलं. असं करत करत ती फिरून आईपाशी आली आणि थांबली.

"आई, बाजूला हो ना," ती म्हणाली. "तुझ्यामागे एक राहिली."

आई बाजूला झाली.